मिळेल त्या भावाला

गुरुवार, ४ सप्टेंबर

रफारास,

मायना हाच. 'चिरंजीव' लिहून बघितलं, पण दोन वर्षं ज्याचा फोन नाही त्याला आशीर्वाद द्यायचा तो कुठल्या तोंडानं, म्हणून खोडलं. बाबांनी ठेवलेलं नाव लिहिलंय. लहानपणी सतत त्यांच्या डोक्यावर बसलेला असायचास, म्हणून रफार. पत्र न वाचता बाजूला ठेवू नकोस. हे घरगुती पत्र नाही, तक्रारीचं आहे.

'दीर्घ' या शब्दातला 'द' दीर्घ असतो. दुसरी वेलांटी. तू गेले चार आठवडे 'दिर्घकालीन गुंतवणूकदार' असं लिहितो आहेस आणि चारही आठवडे मी तो लाल शाईनं दीर्घ करते आहे. शब्दाचा अर्थच लांब, आणि तू तो आखडता घेतोस.

मला कसं कळलं, असं वाटलं असेल. साप्ताहिकाची प्रुफं बाबांच्या माघारी मीच तपासते. तुला सांगू नका असं मीच संपादकांना बजावलं होतं. जानेवारीत तुझं सदर सुरू झालं तेव्हा ते बिचकत विचारायला आले, "वहिनी, मुलाचं लिखाण तुमच्याकडेच येणार, चालेल ना?" म्हटलं, मला काय विचारता, मी ऱ्हस्व-दीर्घ बघणार. बाकी तो बघून घेईल.

पण आता राहवत नाही. तुला आठवतं ना, बाबा प्रूफ बघायचे आणि मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची. 'बाजार स्वल्पविराम गेल्या आठवड्यात स्वल्पविराम घसरला पूर्णविराम.' सातवी नापास बाई मी, तीस वर्षं वाचून वाचून शिकले. सुरुवातीला वाटायचं घसरला म्हणजे कुणीतरी पायरीवरून पडलं. आता मला सगळं कळतं. म्हणजे, कळण्यासारखं त्यात काही नसतं हे कळतं. बाजार पडला तर 'जागतिक संकेतांमुळे' आणि चढला तरी 'जागतिक संकेतांमुळे'. आठवडाभर कुणाला काहीच सुचलं नाही की 'बाजाराने उसंत घेतली'. आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज काय, तर 'सावध आशावाद'. बाबांचे डॉक्टरही शेवटी असंच बोलायचे. स्थिर आहेत, पण काही सांगता येत नाही.

ते असो. तुझ्या सदरात वर काहीही असो, हल्ली शेवटचा परिच्छेद तोच असतो. 'दिर्घकालीन गुंतवणूकदाराने घाबरू नये. मिळेल त्या भावाला विकू नये. बाजार सावरेल.' चार आठवडे बाजार पडतोय आणि चार आठवडे तू हेच उचलून चिकटवतोयस. चिकटवतोस हे चुकीवरून कळतं. माणूस नव्यानं लिहितो तेव्हा चूकही नवी करतो. तीच चूक त्याच जागी चारदा आली की समजायचं, हा लिहीत नाहीये, नुसती जागा भरतोय.

आणि त्याखाली ती बारीक टायपातली ओळ. 'सदर लेखकाची या कंपनीत गुंतवणूक आहे.' लोक ती वाचत नसतील. मी भिंगातून वाचते. अजून आहे तर. अजून ती पाइपांची कंपनी उराशी धरून बसला आहेस.

पत्ता संपादकांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. त्यांना माहीत नाही.

आई


गुरुवार, ११ सप्टेंबर

रफारास,

पत्र पोचलं नसावं, किंवा पोचून तू उघडलं नसावंस. आज पुन्हा 'दिर्घ'. पाचव्यांदा.

शाई माझी संपते आहे, तुझी नाही.

सकाळी तुझी आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण असल्यानं या घरात ती दार वाजवत नाही, सरळ आत येते आणि बाबांच्या खुर्चीत बसते. मी प्रुफं घेऊन बसले होते. म्हणाली, "काय म्हणतोय आपला पोरगा या आठवड्यात?"

म्हटलं, "वन्सं, छापून आलं की वाचा. आधी सांगायचं नसतं."

"अगं, तू आई आहेस का पोलीस? एवढंच सांग, विकू की ठेवू?"

"तो काय म्हणणार? ठेवा म्हणतोय."

"मग ठेवते. त्याला कळतं."

तिच्याकडेही त्याच कंपनीचे शेअर आहेत, हे तुला ठाऊक आहेच. तूच घ्यायला लावलेस. बाबांची फंडाची सगळी रक्कम तू स्वतःच्या खात्यावर त्याच कंपनीत घातलीस, त्याच महिन्यात आत्यानंही घेतले. 'पाइप म्हणजे काय, आत्या, जगाला पाणी लागणारच,' असं तू म्हणाला होतास आणि आम्ही तिघं माना डोलवत होतो. जगाला पाणी लागलं. कंपनीच्या तोंडचं पळालं.

तेव्हापासून आत्याला तू सांगतोस तेच खरं वाटतं. मी तिला समजवायला गेले तर म्हणते, "तू ऱ्हस्व-दीर्घ बघ." माझंच वाक्य माझ्याच अंगावर. संपादकांनी सांगितलं असणार तिला.

मला तुझ्या कंपनीचं काही म्हणायचं नाही. कंपन्या बुडतात. मला एवढंच विचारायचंय की तू तिच्यात काय धरून बसला आहेस. भाव चार आण्यावर आला तरी विकत नाहीस, कारण तू ज्या भावानं घेतलेस तो भाव परत यायला हवा आहे. तो आला की तू येणार. असंच ठरवलंयस ना? जाताना दारात म्हणाला होतास, "बाबांचे पैसे उभे केल्याशिवाय तोंड दाखवणार नाही." मग तू लोकांना दर आठवड्याला जो सल्ला देतोस तो लोकांना नाहीच. तो तू स्वतःलाच देतोस आणि आमचं साप्ताहिक त्याचे तुला पैसे देतं.

जेवणखाण वेळेवर करतोस का, हे मी विचारणार नाही. हे तक्रारीचं पत्र आहे.

आई


शुक्रवार, १९ सप्टेंबर

रफारास,

काल प्रुफं आली. 'दीर्घकालीन.' दुसरी वेलांटी.

मी मूळ प्रत काढून ताडून पाहिली, म्हटलं संपादकांनी सुधारलं असेल. नाही. तूच लिहिलं होतंस. म्हणजे पत्रं पोचली. म्हणजे तू ती वाचलीस. म्हणजे तो परिच्छेद या खेपेला चिकटवला नाहीस, बसून अक्षर अक्षर नव्यानं टाइप केलास.

दोन वर्षांनी आईचं पत्र आलं, आणि लेकानं काय सुधारलं? एक वेलांटी. उत्तराच्या दोन ओळी नाहीत, खुशाली नाही. धन्य आहे तुझी.

तरी मी ती वेलांटी बराच वेळ बघत बसले. उगाच खोटं कशाला बोलू.

प्रुफं संध्याकाळी परत दिली. बाकी विशेष नाही. डोळ्यांत औषधाचे थेंब घालतेय, त्यानं थोडं धूसर दिसतं.

आई


बुधवार, २४ सप्टेंबर

रफारास,

तुझ्या कानावर आलंच असेल. तुझा अंक तुझ्याकडेही येतो. तरी सविस्तर सांगते, कारण निस्तरायला मी आहे इथे.

शनिवारी अंक बाहेर पडला. त्यात तुझा शेवटचा परिच्छेद असा छापला आहे: 'दीर्घकालीन गुंतवणूकदाराने घाबरू नये. मिळेल त्या भावाला विकून ये. बाजार सावरेल.'

विकू नये. विकून ये. मधला एकटा 'न', बिचारा. उजवीकडे सरकला तर थांबवतो, डावीकडे सरकला तर धाडतो.

सोमवारी दुपारी आत्या आली. घामाघूम. खुर्चीत बसून चपला काढल्या आणि म्हणाली, "विकून आले."

मला वाटलं रद्दी. "काय विकून आलात?"

"सगळे. पाइपांचे सगळे. सकाळी दलालाच्या ऑफिसात जाऊन बसले. तो पोरगा म्हणाला, काकू, आज भाव फार पडलाय, थांबा. म्हटलं, तू थांब. माझा भाचा लिहितोय, मिळेल त्या भावाला विकून ये. मिळेल त्या भावाला, कळलं? आले विकून."

मी अंक उघडला. वाचलं. म्हटलं, "वन्सं, हे 'विकू नये' असं आहे."

"हे बघ. छापलंय काय? वाच मोठ्यानं."

"विकून ये."

"मग?"

"छापताना चुकलंय हो."

"छापलेलं चुकतं?" आत्या उठून उभी राहिली. "छापलेलं चुकत असेल तर मग तुम्ही दोघं नवराबायको तीस वर्षं या टेबलावर बसून काय करत होतात?"

मी उठून चहा केला.

तिला समजावलं, की वन्सं, सगळ्या वाचकांना उद्देशून लिहिलेल्या लेखात 'ये' असं एकेरीत कोण लिहील? तर म्हणते, "मला काय ठाऊक? मला वाटलं माझ्यासाठीच लिहिलंय. तो मला नेहमी असंच म्हणायचा. आत्या, दूध घेऊन ये. आत्या, गोष्ट सांगून ये." गोष्ट सांगून ये असं कुणी म्हणत नाही, पण मी वाद घातला नाही.

मंगळवारी भाव आणखी पडला. आत्या दुपारी पुन्हा आली, या वेळी तोऱ्यात. आपण किती वाचलो हे शेजारच्या तीन घरांत सांगून आली होती. "माझा भाचा म्हणजे भाचा! सगळे ठेवा ठेवा म्हणत होते, हा एकटा विकून ये म्हणाला." मी कपाळाला हात लावला.

संपादकांकडे अकरा फोन आले. त्यातले नऊ शुद्धलेखन शिकवायला. दोघांनी फक्त विचारलं, की नक्की काय करायचं? एकाही माणसानं खरोखर विकलं नाही, तुझी आत्या सोडून. म्हणजे तुझा सल्ला मनापासून मानणारी एकच व्यक्ती या जगात आहे, आणि तिनं तो उलटा मानला.

संपादक माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वहिनी, भाऊंच्या हातून तीस वर्षांत असं झालं नाही." मग म्हणाले, "शुद्धिपत्र द्यावं लागेल. तुम्हीच लिहा. आणि डोळे दाखवून घ्या. तोवर पुढच्या कामाचं बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं. 'सावध आशावाद'.

डोळ्यांच्या औषधानं झालं, असं मी त्यांना सांगितलं. दोष मूळ प्रतीतलाच होता, तुझंच बोट घसरलं होतं, हे सांगितलं नाही. मूळ प्रतीतली चूक धरण्यासाठीच प्रूफवाला असतो.

आई


रविवार, २८ सप्टेंबर

रफारास,

या आठवड्यात तुझा मजकूर आला नाही. संपादकांनी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तुझ्या जागेवर शुद्धिपत्र छापलं आणि उरलेल्या जागेत कुठल्याशा गादीची जाहिरात. शुद्धिपत्र मी लिहिलंय. चार वेळा तपासलं. सोबत कात्रण जोडते.

'मागील अंकातील सदरात "मिळेल त्या भावाला विकून ये" असे छापले गेले आहे. ते "मिळेल त्या भावाला विकू नये" असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

आता तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या सांगायला हात धजत नव्हता, म्हणून इतके दिवस वेलांट्यांवरून भांडत बसले.

पहिली. मागे मी लिहिलं होतं, की तू दारात म्हणालास, पैसे उभे केल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. तसं झालं नव्हतं. तू काहीच म्हणाला नव्हतास. तू चपला घालत होतास. म्हणाले मी. "बाप आजारी होता तेव्हा तुला बाजार सोडवला नाही. आता त्यांचे पैसे घेऊनच या दारात ये." आठ दिवस झाले होते ते जाऊन. तोंडात येईल ते बोलत होते मी. पण तू ते शब्द उचललेस आणि चिकटवून ठेवलेस, त्या परिच्छेदासारखे. मी तरी मध्ये खूण करून दुरुस्त करायला हवं होतं. दोन वर्षांत केलं नाही.

त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्रात त्या कंपनीचा भाव बघायचे, भिंग घेऊन. मला वाटायचं पैशांनी खंगताहेत. शेवटच्या महिन्यात मी चिडून पेपर हातातून काढून घेतला, तर म्हणाले, "अगं, मला त्या पैशांचं काही नाही. भाव पडला की तो फोनवर घाबऱ्या आवाजात बोलतो. किती पडला ते आधी कळलं की काय बोलायचं ते ठरवता येतं." त्यासाठी बघत होते. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. रागात होते, नाही सांगितलं. तुला थोडं लागू दे असं वाटलं. किती थोडं याचा अंदाज चुकला.

दुसरी गोष्ट. डोळ्यांच्या औषधाचं खोटं होतं. थेंब घालतेय हे खरं, पण त्या गुरुवारी मला स्वच्छ दिसत होतं. वेलांटी दिसली आणि दोन ओळी खाली 'विकून ये' दिसलं. पेन टेकवलं होतं. समासात खूण करायची, 'न' तोडून पुढच्याला जोडायचा, दोन सेकंदांचं काम.

बाबांचा नियम तुला माहीत आहे. प्रूफवाल्यानं स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही. काना नाही, मात्रा नाही. तीस वर्षं पाळला त्यांनी, दोन मी पाळला. मीही काही घातलं नाही. जे आलं होतं ते राहू दिलं, इतकंच. तुझ्या घसरलेल्या बोटानं जे लिहिलं ते मी दोन वर्षं लिहायला बघत होते आणि मला जमत नव्हतं.

आत्याचे शेअर जातील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ते पाप माझं. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "मुद्दाम? मग ठीक आहे. चुकून असतं तर माफ केलं नसतं."

संपादकांनाही उद्या सांगणार आहे. काम गेलं तर जाईल.

शुद्धिपत्र वाचकांसाठी आहे. त्यांनी विकू नये. त्यांचं ते बघतील, त्यांना जागतिक संकेत आहेत.

तुझ्यासाठी शुद्धिपत्र नाही. तुला जे छापलंय तेच वाच.

आई


गुरुवार, २ ऑक्टोबर

रफारास,

संपादकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खणातून तुझा नवा मजकूर आणि त्याचं प्रूफ काढून पुढे ठेवलं. म्हणाले, "हा आजच आलाय. या वेळी मी स्वतः दुसऱ्यांदा वाचणार. पण आधी तुम्ही वाचा."

घरी आणला. टेबलाशी बसले. नेहमीसारखी मूळ प्रत मोठ्यानं वाचली, स्वल्पविरामासकट. आत्या खुर्चीत होती, ती मध्ये मध्ये 'हूं' म्हणत होती. तिला वाचून दाखवायचं नसतं, पण आता कसले नियम.

शेवटचा परिच्छेद नाही. जिथे तो असायचा तिथे काहीच नाही. लेख नुसता संपतो. लिखाण जरा बरं आहे, पण तीन ठिकाणी 'कारण की' लिहिलंयस. 'कारण' पुरे.

मग बारीक टायपातली ओळ. भिंग घेतलं. 'सदर लेखकाची या कंपनीत गुंतवणूक नाही.'

मूळ प्रतीशी ताडून पाहिली. प्रुफात 'नाही', मूळ प्रतीत 'नाही'. आत्याला भिंग दिलं, तिनंही पाहिलं. "नाहीच आहे," म्हणाली, आणि लगेच दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना. मी नाही. मला प्रूफ भिजवायचं नव्हतं.

तुझ्या माहितीसाठी, त्या पाइपवाल्या कंपनीचा भाव काल एकदम वर गेलाय. आत्या सकाळपासून त्यावरून मला बोलते आहे. तिच्या हिशेबानं हेही माझ्यामुळेच. तू बघू नकोस. बघितलाच असशील तर बघून सोडून दे. संपादक त्यावर पुढच्या अंकात 'अनपेक्षित उसळी' असं काहीतरी लिहिणार आहेत आणि ते शुद्ध आहे की नाही हे मी बघेन. काम ठेवलंय त्यांनी.

आता नीट ऐक. जे छापलं होतं त्यात शेवटी दोन शब्द होते. मध्ये मोकळी जागा होती, मी मोजून पाहिली आहे. एका अक्षराएवढी.

विकून झालं.

दुसरा शब्द राहिलाय.

आई